बी.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात दोन विषय राहिले, आता पुढे काय?

पत्र: मी भुदरगड तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने कोल्हापूरला कॉलेजला येते. जायला दीड तास, यायला दीड तास. दहावी मराठी माध्यमातून झाली, ७८ टक्के होते. बारावी सायन्सला ५४ वर आले. आता बी.एस्सी.च्या पहिल्या सत्रात रसायन आणि गणित राहिलंय. रसायनात ४० पैकी ११, गणितात ९. अभ्यास केला नाही असं नाही, नोट्स चार-चार वेळा वाचल्या होत्या. पेपर हातात आल्यावर काही आठवेना. बाबा रागावले नाहीत, पण म्हणाले, "झेपत नसेल तर राहू दे, गारगोटीला बी.ए.ला नाव घालूया." मैत्रीण म्हणते, हे वर्ष सोड आणि जूनपासून पुन्हा नव्याने सुरू कर. मला रसायनात एम.एस्सी. करायचंय. दोन विषय राहिलेल्या मुलीला ते जमेल का?
– स.

उत्तर:

स., आधी उत्तरं, मग कारणं. वर्ष सोडू नकोस. बी.ए.चा विचार आत्ता नको. आणि एम.एस्सी. जमेल. त्यासाठी येत्या चार-पाच महिन्यांत एकच काम नेटाने करायचं आहे: तुझे गुण नेमके कुठे गेले ते शोधायचं आणि तेवढीच जागा भरून काढायची.

दहावीला ७८ टक्के मिळवणारी मुलगी दोन वर्षांत मठ्ठ होत नाही. मधल्या काळात शिकवण्याची भाषा बदलली, वेग वाढला आणि प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली. दहावीपर्यंत पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिलं तरी निभतं. अकरावीपासून तसं चालत नाही, आणि हे कुणी समोर बसवून सांगत नाही. बारावीचे ५४ ही त्याची पहिली सूचना होती, पहिल्या सत्राचा निकाल ही दुसरी.

मैत्रिणीचा सल्ला मनापासूनचा असेल, पण तो मानू नकोस. पहिल्या सत्रात जे विषय सुटले त्यांचे क्रेडिट, म्हणजे विषयाच्या तासांनुसार मिळणारे अंक, तुझ्या नावावर जमा झालेले आहेत. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात ते ७ वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. ते टाकून देऊन पुन्हा पहिलीचा धडा गिरवण्यात काय मिळणार? जूनमध्ये तोच वर्ग, तीच नोट्सची वही, आणि रसायनात जिथे अडलं तिथेच पुन्हा अडणार, कारण मधल्या काळात ती जागा दुरुस्त झालेली नसते. शिवाय वर्ष गेलं की शिष्यवृत्तीचा प्रश्न येतो. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज केला असेल तर खंड पडल्यावर किंवा तेच वर्ष पुन्हा केल्यावर ती पुढे चालू राहते का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या क्लार्कना विचारल्याशिवाय असा कुठलाही निर्णय घेऊ नये. एटीकेटीची सोय याचसाठी आहे. पुढच्या सत्राचा अभ्यास चालू ठेवून राहिलेले पेपर सोडवायचे. त्याचा नियम प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत दिलेला असतो: पुढच्या वर्षाला जाताना किती विषय राहिलेले चालतात आणि पासिंग लेखी-अंतर्गत मिळून आहे की वेगवेगळं. तुझ्या प्रवेशाच्या वर्षाची पुस्तिका विद्यापीठाच्या वेबसाइटवरून उतरवून ती दोन पानं प्रिंट करून घे. सीनियर मुलांच्या सांगण्यावर जाऊ नकोस. त्यांच्या वेळचा नियम वेगळा असू शकतो.

आता मुख्य काम. निकाल लागल्यावर ठरावीक दिवसांत उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागता येते. परीक्षा विभागाच्या परिपत्रकात शेवटची तारीख असते आणि ती गेली की मागणी घेत नाहीत. म्हणून हे पत्र वाचशील त्याच दिवशी चौकशी कर. दोन्ही पेपरांच्या प्रती मागव. पुनर्मूल्यांकनासाठी नव्हे. पासिंगला दोन-तीन गुण कमी असतील, एखादं उत्तर तपासायचं राहिलं असेल किंवा बेरीज चुकली असेल तरच पुनर्मूल्यांकनाला अर्थ असतो. ११ आणि ९ गुणांवर ते पैसे घालवू नकोस. प्रत हवी ती चुका बघण्यासाठी. तारीख उलटून गेली असेल तर तीच प्रश्नपत्रिका काढ, पुस्तक न बघता तेवढ्याच वेळात पुन्हा सोडव आणि विषयाच्या मॅडमना किंवा सरांना तपासून मागायला जा.

प्रत हातात आली की एका कागदावर चार रकाने आख. पहिला: आलंच नाही. दुसरा: येत होतं, पण कागदावर उतरलं नाही. तिसरा: प्रश्न काय विचारतोय तेच कळलं नाही. चौथा: वेळ संपला किंवा आकडेमोड चुकली. गेलेला प्रत्येक गुण या चारांपैकी एका रकान्यात टाक. रसायनात तुझे २९ गुण गेले, तर चारही रकान्यांची बेरीज २९ आलीच पाहिजे. अर्धा-पाऊण तासाचं काम आहे, पण मन लावून कर, स्वतःशी खोटं बोलू नकोस. "येत होतं" असं वाटलेलं उत्तर पुस्तक मिटून आत्ता लिहून बघ. लिहिता आलं नाही तर ते पहिल्या रकान्यात जातं. सगळा पेपरच अवघड होता असं सरसकट वाटत असतं, पण २९ पैकी बारा-तेरा गुण एकाच रकान्यात जमलेले असतात. अभ्यास तिथून सुरू करायचा.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "नोट्स चार-चार वेळा वाचल्या होत्या." त्यावरून तुझा दुसरा रकाना भरलेला निघेल, असा माझा अंदाज आहे. पुन्हा पुन्हा वाचल्याने पान ओळखीचं होतं, आणि ओळखीचं झालं की येतंय असं वाटतं. परीक्षेत मात्र पान समोर नसतं, ते स्वतः उभं करावं लागतं, आणि त्याचा सराव वाचून होत नाही. अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली हे विद्यार्थ्यांवर तपासलं होतं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने एकदा वाचून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

म्हणून पद्धत बदल. एक मुद्दा एकदा नीट वाच, वही मीट, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, आकृती काढ. मग वही उघडून सुटलेलं लाल पेनने भर. दुसऱ्या दिवशी तोच मुद्दा पुन्हा कोऱ्या कागदावर. मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, आणि तीन आठवड्यांनी एकदा. पहिल्या वेळी निम्मंही आठवणार नाही आणि फार वाईट वाटेल. बरीच मुलं इथेच पद्धत सोडून देतात आणि परत वाचायला लागतात, कारण वाचताना बरं वाटतं. आठवताना होणारा तो त्रास म्हणजेच अभ्यास. तो टाळू नकोस.

रसायनातली गणितं हा वेगळा भाग आहे, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिलं पाहिजे. पहिल्या वर्षी मुलं सर्वात जास्त अडतात ती मोलच्या हिशोबात (रेणुभाराइतके ग्रॅम म्हणजे १ मोल), आणि हे न सुटल्याने पुढे टायट्रेशन (एक द्रावण मोजून मिसळत दुसऱ्याची तीव्रता काढणं), समतोल, पीएच असं सगळंच अडतं. एक साधं उदाहरण घे. सोडियम हायड्रॉक्साइडचं ०.१ मोलर, म्हणजे लिटरला ०.१ मोल असलेलं, द्रावण २५० मिली करायचं आहे, किती ग्रॅम लागेल? रेणुभार ४०. २५० मिली म्हणजे ०.२५ लिटर. ०.१ गुणिले ०.२५ गुणिले ४०, उत्तर १ ग्रॅम. आता चूक कुठे होते बघ. मिलीचे लिटर करायचे राहतात, ०.१ गुणिले २५० गुणिले ४० असं मांडलं जातं, उत्तर येतं १००० ग्रॅम, आणि मुलगी ते चौकटीत लिहून पुढच्या प्रश्नाला जाते. पाव लिटरच्या फ्लास्कमध्ये एक किलो सोडा! प्रयोगशाळेत हाच प्रयोग करताना तिने चिमूटभर पदार्थ वजन करून घेतलेला असतो, पण पेपरातला आकडा आणि हातातला फ्लास्क यांची गाठ डोक्यात पडलेली नसते. उपाय दोन. प्रत्येक ओळीत आकड्याबरोबर एकक लिहायचंच, शेवटच्या ओळीत नव्हे, प्रत्येक ओळीत. आणि उत्तर आल्यावर एक क्षण थांबून विचारायचं, एवढं खरंच असू शकतं का?

दुसरं उदाहरण जरा वरचं. १० मिली सल्फ्युरिक ॲसिडला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १२ मिली लागलं. ॲसिडची मोलॅरिटी किती? पुष्कळ जणी ०.१२ लिहितात. खरं उत्तर ०.०६, कारण सल्फ्युरिक ॲसिडच्या एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन लागतात. इथे सूत्र पाठ होतं, समीकरण लिहिलं नव्हतं. टायट्रेशनच्या कुठल्याही गणिताची पहिली ओळ संतुलित समीकरणाची असा नियमच करून टाक. समीकरण लिहिलं की तो २ डोळ्यांसमोर येतो.

सराव कसा? पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण वाच, झाक, स्वतः सोडव, ताडून बघ. मग त्यातले आकडे बदलून पुन्हा सोडव. ॲसिड बदलून हायड्रोक्लोरिक घे, मग उत्तर का बदलतं ते एका ओळीत लिही. रोज अशी पाच गणितं, सहा आठवडे. एका बैठकीत पंचवीस करून पाच दिवस सुट्टी घेतलीस तर उपयोग होणार नाही. तीन प्रकार शिकून झाले की ते मिसळून सोडव, कारण पेपरात "हे मोलॅरिटीचं गणित आहे" अशी चिठ्ठी लावलेली नसते, प्रकार ओळखणं हाच अर्धा प्रश्न असतो.

गणिताच्या पेपरात मात्र तुझा पहिला रकाना मोठा निघेल, आणि त्याचं मूळ कदाचित बी.एस्सी.च्या पुस्तकात नसेलच. कॅल्क्युलसमध्ये नापास होणारी मुलं पुष्कळदा कॅल्क्युलसमुळे नापास होत नाहीत. डेरिव्हेटिव्ह बरोबर काढतात आणि पुढच्या ओळीत अपूर्णांकांची बेरीज चुकतात. घातांकांचे नियम, अवयव पाडणं, त्रिकोणमितीची नित्यसमीकरणं यात ढिलाई असते. तपासायला सोपं आहे. दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकातली कुठलीही दहा उदाहरणं अर्ध्या तासात सोडव. पुस्तक घरी नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. दहापैकी आठ आली नाहीत तर आधी नववी-दहावीची दोन पुस्तकं हातात घे. लाजू नकोस. रोज चाळीस मिनिटं दिलीस तर महिना-दीड महिन्यात ती हातावेगळी होतात, कारण यातलं बरंच तुला येतं, फक्त गंजलंय. आणि एक सवय लाव: नियमाबद्दल शंका आली की लहान आकडे घालून बघ. दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे त्यांच्या वर्गांची बेरीज का? ३ आणि ४ घे. बेरजेचा वर्ग ४९, वर्गांची बेरीज २५. दहा सेकंदांत खात्री झाली. परीक्षेच्या हॉलमध्येही हे करता येतं. गणित दुसऱ्या वर्षी विषय म्हणून राहो न राहो, पहिल्या वर्षाचा पेपर सुटल्याशिवाय पदवी मिळत नाही, त्यामुळे तो बाजूला टाकू नकोस.

तिसरा रकाना म्हणजे भाषा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना वाटतं की आपलं इंग्रजी कच्चं म्हणून सगळं कच्चं, आणि ती इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावतात. पेपरासाठी त्याची गरज नाही. प्रश्नपत्रिकेत आज्ञा देणारी क्रियापदं फार तर वीस असतात. 'डिफाइन' म्हणजे व्याख्या, दोन ओळी पुरे. 'स्टेट' म्हणजे फक्त सांगा, सिद्ध करू नका. 'डिराइव्ह' म्हणजे पायऱ्या दाखवत सूत्रापर्यंत या. 'जस्टिफाय' म्हणजे कारण द्या, कारण नसेल तर गुण नाहीत. 'डिस्टिंग्विश' म्हणजे फरक, दोन रकान्यांत लिहा. 'हेन्स' आलं की आधीच्या भागाचं उत्तर वापरूनच पुढचा भाग सोडवायचा. मागच्या पाच परीक्षांचे पेपर काढ, ही क्रियापदं अधोरेखित कर आणि प्रत्येकासमोर मराठीत लिही की परीक्षकाला काय हवंय. विषयाच्या शब्दांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, रसायनाचा आणि गणिताचाही. संकल्पना आधी मराठीत समजून घे, उत्तर मात्र इंग्रजीत छोट्या वाक्यांत लिही. एका वाक्यात एकच गोष्ट. लांब वाक्य लिहायला गेलं की व्याकरणात पाय अडकतो आणि मुद्दा राहून जातो.

चौथ्या रकान्याचा हिशोब सरळ आहे. पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असेल तर सुरुवातीची दहा मिनिटं वाचायला, शेवटची दहा तपासायला. उरले १०० मिनिटं, म्हणजे गुणामागे अडीच मिनिटं. आठ गुणांच्या प्रश्नाला वीस मिनिटं झाली की जागा सोडून पुढे जायचं.

आता प्रवास. रोज तीन तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तर १८ तास. सध्याच्या हिशोबात १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिकणं, थिअरीत त्यातले साधारण निम्मे वर्गात आणि निम्मे स्वतःचे. सत्राला २२ क्रेडिट म्हणजे ६६० तास, आठवड्याला साधारण चाळीस. त्यासमोर १८ तास एसटीत जाणं ही सबब नाही, तुझ्या निकालाचं ते एक खरं कारण आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगं उभी केली ती हेच ओळखून, की खेड्यातल्या पोराला हुशारीच्या आधी शहरात राहायची आणि जेवायची सोय लागते. पुढच्या वर्षीसाठी मुलींच्या शासकीय वसतिगृहाचा, कॉलेजच्या किंवा संस्थेच्या वसतिगृहाचा अर्ज करायचाच. अर्ज कधी निघतात ते आत्ताच विचारून ठेव, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला उन्हाळ्यात काढून ठेव. ऐनवेळी तलाठी-तहसील करत बसलं की तारीख जाते.

तोपर्यंत एसटीतला वेळ वाया जाऊ देऊ नकोस, पण गाडीत वाचू नकोस. हलत्या गाडीत, उभ्याने, डोळे ताणून वाचलेलं टिकत नाही. गाडीत आठवायचं. पोस्टकार्डाएवढे जाड कागद काप, पुढे प्रश्न, मागे उत्तर. वीस कार्डांना रबरबँड लाव. सकाळी येताना कालची कार्डं, संध्याकाळी जाताना आज वर्गात काय झालं ते डोळे मिटून तासाच्या क्रमाने आठवायचं. न आठवलेलं कार्ड वेगळ्या खिशात, ते घरी गेल्यावर बघायचं. जागा मिळाली नाही तरी एवढं होतं. दोन तासिकांच्या मध्ये रिकामा वेळ असेल तर कॅन्टीनऐवजी ग्रंथालयात बस आणि रोजची पाच गणितं तिथेच संपव. घरी पोचल्यावर जेवण आणि धारा काढणं झाल्यावर तुझ्या अंगात त्राण उरत नाही, हे गृहीत धरूनच बेत आखायला हवा.

शिक्षकांकडे कशी जातेस, त्यावरही बरंच अवलंबून असतं. "सर, मला टायट्रेशन कळत नाही" असं म्हटलंस तर सर पूर्ण धडा पुन्हा सांगायला लागतील किंवा नंतर ये म्हणतील. वही उघडून बोट ठेवून विचार, "सर, या ओळीपर्यंत आलं, इथे दोनने का भागलं?" दोन मिनिटांत उत्तर मिळतं, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत सर तुला नावाने ओळखायला लागतात. अंतर्गत गुण, पुढे प्रोजेक्ट, शिफारसपत्र, या सगळ्याची सुरुवात अशीच होते. प्रॅक्टिकल बुडवू नकोस. जर्नल त्या त्या आठवड्याला सही करून घे. ब्युरेटचं वाचन द्रावणाच्या खालच्या वळणावर, डोळा समपातळीत ठेवून घ्यायचं आणि दोन वाचनं ०.१ मिलीच्या आत जुळली की मगच थांबायचं. ही शिस्त आता लागली तर पुढे नोकरीतही उपयोगी पडते.

एम.एस्सी.चं बोलू. समज, दहापैकी ग्रेड पॉइंटची सरासरी ७ हे लक्ष्य ठेवलंस. सगळी सत्रं सारख्या क्रेडिटची धरली तर सहा सत्रांत त्यासाठी एकूण ४२ लागतात. समज पहिल्या सत्राला तुझा ४ आला. उरले ३८, भागिले ५, म्हणजे पुढच्या प्रत्येक सत्राला ७.६ हवेत. राहिलेले पेपर सुटले की पहिल्या सत्राचा आकडाही वर जातो. तो साडेपाच झाला तर पुढे ७.३ पुरतात. सरासरी ६.५ ठरवली तर ६.७. यातला एकही आकडा हाताबाहेरचा नाही. मात्र चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. ते साडेसात ग्रेड पॉइंट धरले तर पुढच्या पाचही सत्रांत आठच्या आसपास राहावं लागेल. ते लक्ष्य आज ठरवू नकोस, आधी राहिलेले दोन पेपर.

आणखी पुढचंही कळलेलं बरं. प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट या पात्रता परीक्षेला एम.एस्सी.चे ५५ टक्के बघतात, राखीव प्रवर्गाला ५०. बी.एस्सी.च्या पहिल्या सत्रात काय झालं ते तिथे कुणी विचारत नाही. एमपीएससी किंवा यूपीएससीच्या मुख्य सेवा परीक्षांना पदवी लागते, टक्क्यांची अट नाही. बी.एड.ला पदवीचे ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५. कंपन्या बॅकलॉगबद्दल विचारतात तो बहुतेक वेळा मुलाखतीच्या दिवशी शिल्लक असलेला. सुटलेला असेल तर "पहिल्या सत्रात दोन विषय राहिले होते, ते पुढे सोडवले आणि नंतरच्या सत्रांचे गुण हे असे" एवढं सांगायचं आणि गुणपत्रक पुढे करायचं. रडकथा लावायची नाही. आणि रसायनवाल्याला कोल्हापुरात काम कमी नाही. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ), पोल (त्यातली साखर), शुद्धता रोज काढावी लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फौंड्रींना धातूचं पृथक्करण करणारी माणसं लागतात. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत, त्यांचाही विचार करता येईल. उन्हाळ्यात शेजारच्या कारखान्याची लॅब बघायला मिळते का ते एखाद्या ओळखीच्या केमिस्टना विचारून बघ.

बाबांशी बोलताना "मला शिकायचंच आहे" एवढ्यावर थांबू नकोस. त्यांनी जे सुचवलं ते तुझी दमछाक बघून सुचवलं असणार. त्यांना कागद दाखव: किती विषय होते, किती सुटले, कोणते दोन राहिले, ते कधी देता येतात, फी किती. आणि नेमकं माग. "परीक्षेआधीचे तीन आठवडे सकाळची धार मला नको, बाकीचे दिवस मी काढेन." पहिल्या सत्राची परीक्षा आणि उसाचा हंगाम एकत्र येतात, त्याबद्दल आत्ताच बोलून ठेव. असं ठरवून मागितलेलं घरच्यांना देता येतं.

बी.ए. वाईट नाही. भूगोल, अर्थशास्त्र मनापासून आवडत असेल तर उद्या जा. पण दोन पेपरांना घाबरून गेलीस तर तिथेही पुन्हा पुन्हा वाचण्याचीच सवय घेऊन जाशील. मर्यादा अशी ठेव: हे सगळं करून पुढच्या दोन परीक्षा दे. त्यानंतरही "आलंच नाही" हा रकाना निम्म्यावर आला नसेल आणि प्रयोगशाळेत पाऊल टाकायलाही मन घेत नसेल, तर विषय बदलण्यात काही गैर नाही. तेव्हा पुन्हा लिही, आणि टक्क्यांऐवजी चार रकान्यांचे आकडे कळव.

एक शेवटचं. राहिलेल्या विषयांचा परीक्षा फॉर्म चालू सत्राच्या फॉर्मबरोबर आपोआप भरला जातो असं समजू नकोस. तो वेगळा भरावा लागतो का, कोणत्या तारखेपर्यंत, हे परीक्षा विभागाच्या खिडकीवर विचार. पीआरएन नंबर (विद्यापीठातला तुझा कायमचा नोंदणी क्रमांक) आणि विषयाचा कोड गुणपत्रकावरूनच उतरव, भरल्यावर पावती काढून घे आणि हॉल तिकिटावर दोन्ही विषय आले आहेत का ते परीक्षेच्या किमान आठवडाभर आधी बघ.